जुना संगणक व नवी प्रणाली

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या भागांत राहणाऱ्या मुलांस यंत्रें अपरिचित नाहींत. येथें कोणाचे वडील लेथवर, कोणाचे काका जोडणीच्या विभागांत, तर कोणाची आई तपासणीच्या टेबलावर कामास असते. चांगल्या यंत्रास वेळेवर तेल दिलें, झिजलेला भाग बदलला व झेपेल तेवढाच भार टाकला, म्हणजे तें वीस-पंचवीस वर्षें इमानानें काम देतें, हें या मुलांनीं घरीं अनेक वेळां ऐकिलेलें असतें. परंतु संगणकाची गोष्ट निघाली कीं, तींच माणसें म्हणतात, "तो आतां जुना झाला, कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला, नवा घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं." हें म्हणणें कितपत खरें आहे, आणि जुन्या संगणकावर नवी प्रणाली बसवितां येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय घेण्यास कारण असें कीं, घरोघरच्या पुष्कळ संगणकांत असलेल्या विंडोज १० या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर पडली होती. म्हणजे तिला सुमारें दहा वर्षांचें आयुष्य मिळालें. तिच्या आधींच्या विंडोज एक्सपी व विंडोज ७ यांचा आधार अनुक्रमें ८ एप्रिल २०१४ व १४ जानेवारी २०२० रोजीं संपला होता. घरगुती संगणकांस सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळाव्या, अशी जोडयोजना कंपनीनें जाहीर केली. पण ती नुसती मुदतवाढ होय, प्रश्नाचें उत्तर नव्हे. नवा संगणक घेणें म्हणजे पुष्कळ कुटुंबांत महिन्याभराच्या मिळकतीचा प्रश्न असतो. म्हणून खर्च करण्यापूर्वीं नेमकें काय संपलें व काय शिल्लक आहे, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रणाली म्हणजे काय?

संगणकांत प्रोसेसर, स्मृति, डिस्क, पडदा, कळफलक इत्यादि भाग असतात. हे भाग म्हणजे जणूं कारखान्यांतील कामगार. पत्र लिहिणें, हिशेब ठेवणें, चित्र पाहणें हीं कामें. कोणतें काम कोणाकडे द्यावयाचें, कोणास किती जागा व किती वेळ द्यावयाचा, एकाच्या कामांत दुसऱ्यानें ढवळाढवळ करूं नये म्हणून लक्ष कोणीं ठेवावयाचें, हें सर्व पाहणारा जो फोरमन, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. तिलाच आम्ही येथें प्रणाली म्हणतों. प्रत्येक भागाची बोली निराळी असल्यामुळें फोरमनला दुभाषे लागतात. त्यांस ड्रायव्हर म्हणतात. छपाईयंत्राचा दुभाषा नसेल, तर यंत्र धडधाकट असूनहि कागद बाहेर येत नाहीं. जुन्या संगणकावर नवी प्रणाली बसवितांना जी अडचण येते, ती बहुधा या दुभाष्यांची असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आधार संपतो म्हणजे काय होतें?

आधार संपला त्या रात्रीं संगणक बंद पडत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो पूर्वींसारखाच सुरू होतो. म्हणूनच पुष्कळांस धोका दिसत नाहीं. प्रणाली ही कोट्यवधि ओळींची रचना असते, व तींत कोठें ना कोठें फटी राहून जातात. त्या सांपडल्या कीं, कंपनी दुरुस्ती पाठविते. यासच आपण अपडेट म्हणतों. आधार संपल्यावर दुरुस्ती येणें थांबतें, परंतु फटी सांपडणें थांबत नाहीं. शिवाय नव्या प्रणालीची दुरुस्ती प्रसिद्ध झाली कीं, ती पाहून फट नेमकी कोठें होती हें लबाड लोकांस कळतें. आणि तीच फट जुन्या प्रणालींत असली, तर तेथें ती उघडीच राहते.

याचीं उदाहरणें आमच्या भागाच्या धंद्यांतूनच देतां येतील. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव जगभर पसरला. संगणकांतील कागदपत्रें कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. ज्या फटींतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्यापूर्वींच, १४ मार्च रोजीं दिली होती. पण ती पुष्कळांनीं बसविली नव्हती, आणि एक्सपीसाठीं तर ती त्या वेळीं सर्वांस उपलब्धच नव्हती. फ्रान्समधील रेनॉ कंपनीच्या कांहीं मोटार-कारखान्यांचें काम त्यामुळें थांबलें. पुढें जून महिन्यांत जपानांतील सायामा येथील होंडाचा कारखानाहि एक दिवस बंद ठेवावा लागला. त्याच वर्षीं २७ जून रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा दुसरा उपद्रव आला, आणि आमच्याच महाराष्ट्रांत, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत, मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचें काम अडून पडलें. पिंपरी-चाकणच्या मालास समुद्रावर पोंचण्याचें हें जवळचें बंदर आहे. दूर कोठें तरी एका संगणकांत शिरलेला रोग आमच्या दारापर्यंत कसा येतो, हें यावरून दिसून येईल.

नवी प्रणाली जुन्या संगणकास कां नाकारते?

५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ साठीं कंपनीनें कांहीं अटी घातल्या आहेत. ४ जीबी स्मृति व ६४ जीबी डिस्क या अटी जड नाहींत. खरी अडचण तीन ठिकाणीं येते. प्रोसेसर कंपनीच्या यादींतील असावा लागतो, व इंटेलचे बहुतेक प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचेच त्या यादींत आहेत; टी.पी.एम. २.० नांवाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय असावी लागते. आणि सुरू होतांना अनोळखी प्रणाली शिरूं नये म्हणून 'सेक्युअर बूट'ची व्यवस्था असावी लागते. २०१५ च्या सुमाराचा संगणक लिहिण्या-वाचण्याच्या कामास पुरेसा वेगवान असला, तरी या यादीबाहेर राहतो. म्हणजे तो नापास झाला तो शक्तींत नव्हे, अटींत.

येथें एक गोष्ट आधीं तपासावी. पुष्कळ संगणकांत टी.पी.एम. असतें, पण तें बंद करून ठेविलेलें असतें. बायोस नांवाची जी मूळ मांडणी सुरू होतांना उघडतां येते, तींत जाऊन तें चालूं करतां येतें. प्रोसेसर यादींतील असेल, तर एवढ्यानेंच काम भागतें व एक पैसाहि खर्च होत नाहीं. मायक्रोसॉफ्टचें 'पीसी हेल्थ चेक' नांवाचें साधन कोणती अट अपुरी आहे, हें सांगतें.

संगणक खरोखरच यादीबाहेरचा असेल, तर दोन वाटा राहतात. पहिली वाट अशी कीं, अटींची तपासणी चुकवून विंडोज ११ च बसवावयाची. हें शक्य आहे, व अनेकांनीं तें केलेलेंहि आहे. परंतु अशा संगणकांस पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाहीं, असें कंपनीनें स्पष्ट बजाविलें आहे. शिवाय २०२४ सालच्या आवृत्तीपासून प्रोसेसरला 'पॉपकाउंट' नांवाची एक आज्ञा समजणें अनिवार्य झालें आहे. सुमारें २००८ पूर्वींच्या प्रोसेसरांस ती समजत नाहीं, आणि त्यांवर ती आवृत्ति सुरूच होत नाहीं. जी वाट पुढच्या वळणावर बंद होण्याचा संभव आहे, तिच्यावर घरचा सर्व भार टाकणें शहाणपणाचें नाहीं. तसेंच, कोणी 'क्रॅक' केलेली फुकट प्रत देऊं लागला, तर ती घेऊं नये. ती बेकायदा तर असतेच. पण तिच्या पोटांत काय दडलें आहे हें देणाऱ्यासहि ठाऊक नसतें. सुरक्षिततेसाठीं प्रणाली बदलावयाची व ती चोराच्या हातून घ्यावयाची, यास अर्थ नाहीं.

दुसरी वाट

दुसरी वाट लिनक्सची. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टॉर्व्हाल्ड्स, यानें हिचा आरंभ केला. हिची रचना कोणीहि पाहावी, सुधारावी व इतरांस द्यावी, अशी मुभा आहे. म्हणून ती विनामूल्य मिळते व जगांतील असंख्य लोक तिची निगा राखितात. हिच्याच आधारें उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट अशा अनेक प्रणाली तयार झाल्या आहेत. पुण्यांत मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि 'बॉस' नांवाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली काढली असून तींत भारतीय भाषांची सोय केली आहे. केरळ राज्यांतील सरकारी शाळांत तर अनेक वर्षें लिनक्सवरच संगणक शिकविला जातो. म्हणजे ही वाट आडरानांतील नाहीं.

लिनक्स मिंट २ जीबी स्मृतीवर चालूं शकते, ४ जीबीवर बरी चालते, व तिला २० जीबी डिस्क पुरते. मात्र संगणक ६४ बिटांचा हवा. फार जुन्या ३२ बिटांच्या संगणकांची सोय आतां कमी होत चालली आहे. डेबियननेंहि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा संगणकांवर नव्यानें बसविण्याची सोय बंद केली. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: प्रणाली हलकी असली, तरी आजचीं संकेतस्थळें हलकीं नाहींत. म्हणून जुनी फिरती डिस्क काढून त्या जागीं एसएसडी बसविली, व शक्य तर स्मृति ८ जीबी केली, तर फरक डोळ्यांस दिसतो. हा खर्च नव्या संगणकाच्या किंमतीच्या मानानें पुष्कळच थोडा असतो.

बसविण्याची रीत

प्रथम नक्कल. घरचे फोटो, मुलांचे प्रकल्प, वडिलांचे हिशेब, आईचीं कागदपत्रें, हें सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावें, व तेथें तें उघडतें कीं नाहीं हें दुसऱ्या संगणकावर पाहावें. एक नक्कल म्हणजे नक्कल नव्हे; दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. प्रणाली चुकली तर पुन्हां बसवितां येते, पण आजोबांचा एकुलता एक फोटो पुसला गेला तर तो कोणतीहि कंपनी परत देऊं शकत नाहीं. 'बिटलॉकर'नें डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली आधींच कागदावर लिहून ठेवावी. कारण बायोसमध्यें बदल केल्यावर संगणक ती मागूं शकतो.

नंतर नव्या प्रणालीची फाइल तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. फाइलीबरोबर अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. गणितांत आपण ताळा करतों, तसाच हा ताळा होय. उतरविलेल्या फाइलीची ओळ काढून दोन्ही जुळल्या, तरच ती फाइल वापरावी. ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रूफस' किंवा 'एचर' यांसारख्या साधनानें लिहावी लागते. नुसती कॉपी करून चालत नाहीं. या कामांत पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो, हें विसरूं नये.

तिसरी पायरी परीक्षेची, व हीच लिनक्सची मोठी सोय आहे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला कीं, डिस्कला हात न लावतां नवी प्रणाली चालवून पाहतां येते. वायफाय लागतें काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, छपाई होते काय, झांकण मिटून उघडल्यावर संगणक नीट जागा होतो काय, हें एकेक तपासून वहींत टिपावें. येथें दुभाष्यांची परीक्षा होते. सर्व कांहीं ठीक असेल तरच पुढें जावें. नसेल तर पेनड्राइव्ह काढावा, संगणक जसाच्या तसा आहे.

शेवटीं बसविणें. चार्जर लावून ठेवावा. 'सर्व डिस्क पुसून बसवा' व 'जुन्या प्रणालीच्या शेजारीं बसवा' असे दोन पर्याय पुढें येतात. प्रश्न वाचल्यावांचून बटण दाबूं नये. बसवून झाल्यावर लगेच अपडेट घ्यावे, आणि त्यानंतर दर आठवड्यास घेत जावे. हें न केल्यास नवी प्रणालीहि थोड्याच दिवसांत जुन्यासारखीच उघडी पडेल.

कोठें अडतें?

ही वाट सर्वांस सारखीच सोयीची नाहीं. लहान धंद्याचे हिशेब टॅलीवर असतील, तर टॅली ही विंडोजसाठीं केलेली आहे. ती लिनक्सवर सरळ चालत नाहीं. अशा घरीं एक नियमांत बसणारा संगणक हिशेबाकरितां ठेवून जुना मुलांच्या अभ्यासाकरितां वापरणें बरें. दुसरी अडचण खास मराठी आहे. पूर्वीं श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलिखित केलेला मजकूर युनिकोडमध्यें नसतो. तो फॉन्ट नव्या प्रणालींत नसला, म्हणजे मराठीच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसतात. घाबरून फाइल पुसूं नये. ती युनिकोडमध्यें पालटून घेतां येते. हें काम जुनी प्रणाली चालूं असतांनाच उरकलेलें बरें. पुढें मात्र मराठी युनिकोडमध्येंच लिहावें, म्हणजे प्रणाली कितीहि बदलल्या तरी लेखन वाचतां येईल.

कारखान्यांतील संगणक

आतां पालकांपैकीं जे भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत काम करितात, त्यांच्यासाठीं दोन शब्द. संगणकानें चालणारें सी.एन.सी. यंत्र वीस वर्षें टिकतें; पण त्याला जोडलेल्या संगणकांतील प्रणाली दहा वर्षांत निराधार होते. अशा संगणकावर घरच्याप्रमाणें एखाद्या रविवारीं नवी प्रणाली बसविण्याचा प्रयोग करूं नये. यंत्राशीं बोलणारें कार्ड व त्याचा दुभाषा जुन्या प्रणालीपुरताच केलेला असतो. नवी बसवितांच यंत्र मुकें होतें, मोठ्या कारखान्याचा माल वेळेवर जात नाहीं, आणि त्या लहान कारखान्यांतील दहा घरांच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो.

तेथें उपाय निराळा. तो संगणक इंटरनेटपासून तोडावा व कारखान्याच्या इतर जाळ्यापासून वेगळा ठेवावा. त्याला लावावयाचा पेनड्राइव्ह एकच असावा, व तो प्रत्येक वेळीं दुसऱ्या चांगल्या संगणकावर तपासून मगच लावावा. ऑगस्ट २०१८ मध्यें तैवानच्या टी.एस.एम.सी. या बलाढ्य कंपनींत वॉनाक्रायचाच एक प्रकार शिरला, तो बाहेरून नव्हे. नवें यंत्र न तपासतां जाळ्यास जोडलें गेलें, एवढेंच निमित्त झालें. आणखी, त्या संगणकाच्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून कपाटांत ठेवावी. यंत्राच्या नियंत्रकांतील मापें पुष्कळदां बॅटरीच्या बळावर टिकून असतात. त्यांचीहि नक्कल घ्यावी व बॅटरी वेळेवर बदलावी. प्रणाली बदलणें भागच पडलें, तर यंत्र बनविणाऱ्यास विचारावें. औद्योगिक यंत्रांसाठीं विंडोज १० ची 'आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१' ही आवृत्ति असून तिचा आधार १३ जानेवारी २०३२ पर्यंत आहे. आपल्या यंत्रास ती चालेल काय, हें तोच सांगूं शकेल.

निकामी ठरलाच तर

सर्व उपाय करूनहि संगणक निरुपयोगी ठरला, तर तो रस्त्यावरच्या भंगारवाल्यास वजनावर देऊं नये. त्यांत शिसें व इतर घातक द्रव्यें असतात. तांब्यासाठीं तारा जाळल्या म्हणजे विषारी धूर होतो, व तो आपल्याच वस्तींतील मुलांच्या छातींत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. देण्यापूर्वीं डिस्क पूर्णपणें पुसावी अगर काढून घ्यावी.

तेव्हां, विद्यार्थ्यांनो, "संगणक जुना झाला" असें घरीं कोणी म्हणाल्यास चार प्रश्न विचारा: यंत्र बिघडलें आहे, कीं केवळ त्याचा आधार संपला आहे? याच्याकडून आपणांस कोणतें काम हवें आहे? तो इंटरनेटला जोडलेला राहणार आहे काय? आणि त्यांतील कागदपत्रांची नक्कल कोठें आहे? या चार प्रश्नांचीं उत्तरें घरच्या मंडळींसमवेत बसून लिहून काढलीं, म्हणजे नवा घ्यावा, नवी प्रणाली बसवावी, कीं आहे तो एकांतांत ठेवावा, हें ठरविणें कठीण जाणार नाहीं. या भागांत यंत्रांची निगा राखण्याची विद्या तुमच्या वडीलधाऱ्यांपाशीं आहेच. तीच विद्या संगणकालाहि लावण्याचें काम आतां तुमचें आहे, आणि त्याचा आरंभ येत्या सुटींत नक्कल घेण्यापासून करावा, अशी आमची सूचना आहे.